खांदा देणारे : मोरोक्कोच्या चित्रपटांतील घर, दारिद्र्य आणि इमान

इमान हा शब्द मराठीत अरबीतून आला, फारसीच्या वाटेने. अरबीत त्याचा अर्थ श्रद्धा, ईश्वरावरचा विश्वास. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातला ईश्वर गळून पडला आणि त्याच्या जागी धनी येऊन बसला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखायचे, हा अर्थ रूढ झाला. 'इमानी' हे विशेषण चाकराला लागते, कुत्र्याला लागते. मालकाला कोणी इमानी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. 'गरीब' ह्या शब्दाचीही अशीच कथा. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला, ज्याचे इथे कोणी नाही असा. मराठीत तो पैसा नसलेला झाला. मोरोक्कोचे चित्रपट पाहताना हे दोन शब्द माझ्या मनातून हलत नव्हते. ज्याचे कोणी नाही आणि ज्याच्याजवळ काही नाही, असा माणूस कोणाशी इमान राखतो? आणि त्याच्याशी इमान कोण राखते? ह्या चित्रपटांचा गाभा ह्याच दोन प्रश्नांत आहे, असे माझे मत आहे.

गरिबांच्या घरावरील चित्रपटांविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते. दारिद्र्य आहे खरे, पण घर एकत्र आहे, मायेची ऊब आहे. ही ऊब कोणाच्या अंगातून काढली जाते, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. मोरोक्कोचे चांगले दिग्दर्शक ती तसदी घेतात, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले. त्यांची दारिजा, म्हणजे तिथली बोली अरबी, मला येत नाही. हे चित्रपट मी उपशीर्षकांच्या आधारे पाहिले आहेत. पण घरात भाकरी कोणी आणली आणि शिव्या कोणी खाल्ल्या, हे कळायला भाषा फार लागत नाही.

सुरुवात एका गालिच्यापासून करतो. सुहैल बेन बरका ह्यांचा 'हजार आणि एक हात' हा चित्रपट १९७२ चा. मराकेशमधला म्हातारा रंगारी मोहा आणि त्याचा मुलगा मिलूद लोकरीच्या लडी रंगवतात, पाठीवर वाहतात. त्या लोकरीतून बायका आणि लहान पोरी गालिचे विणतात. गालिचे परदेशी जातात. म्हातारा जायबंदी होतो तेव्हा मुलगा मदत मागायला गालिचेवाल्या धन्याच्या वाड्यावर जातो, आणि तिथे त्याचे पाय गालिच्यावर पडतात. घराची मालकीण खवळते. ज्या हातांनी लोकर रंगवली त्या हातांच्या धन्याचे पाय त्या लोकरीला विटाळतात! चित्रपट इथे एक शब्दही जास्त बोलत नाही. बापासाठी काही मागायला आलेला मुलगा त्या दारात मुलगा राहत नाही, तो चिखल होतो. १९७३ साली वागादुगूच्या आफ्रिकी चित्रपट महोत्सवात ह्या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे की मोरोक्कोच्या चित्रपटाने इतक्या लवकर, पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या बापलेकांच्या नात्याला धन्याच्या उंबऱ्याशी आणून उभे केले. घराची कथा घरात सांगून संपत नाही, हे त्याने ओळखले.

सहा वर्षांनी, १९७८ मध्ये, अहमद अल मआनूनी ह्यांचा 'अल्याम अल्याम' आला. कान महोत्सवासाठी निवडला गेलेला हा पहिला मोरोक्कन चित्रपट. बाप मेलेला आहे, थोरला मुलगा अब्देलवाहेद शेतीवर घर चालवतो आणि त्याला फ्रान्सला कामाला जायचे आहे. आई हलिमा त्याला अडवते. वरवर पाहता गोष्ट एवढीच. गावची खरी माणसे त्यात काम करतात, नांगरट होते, गुरे बांधली जातात, आणि मुलगा कागदाची वाट पाहतो. इथे कोणी खलनायक नाही. आईचे चूक आहे असे म्हणता येत नाही, कारण हा गेला तर मागच्यांचे काय? मुलाचे चूक म्हणता येत नाही, कारण ती जमीन सगळ्यांना जगवणार नाही हे त्याला दिसते. घराशी इमान राखायचे तर घर सोडून गेले पाहिजे, पैसे पाठवले पाहिजेत, म्हणजे परमुलखात 'गरीब' झाले पाहिजे, अरबी अर्थाने. परदेशातल्या ह्या एकटेपणाला त्यांच्याकडे 'घुर्बा' म्हणतात. गरीब आणि घुर्बा एकाच धातूचे शब्द. मराठी वाचकाने हा चित्रपट पाहताना कोकणातल्या मनिऑर्डरी आठवाव्यात, इतके सांगून पुढे जातो.

ह्या दोन चित्रपटांत घर अजून शाबूत आहे. त्यानंतरच्या काळात, विशेषतः २००० नंतर, कॅमेरा कासाब्लांकाच्या झोपडपट्ट्यांत आणि गोदीच्या रस्त्यांवर उतरला आणि घराचे दुसरे रूप दिसू लागले. ह्या चित्रपटांतले घर सावकारासारखे वागते. ते जन्म देते आणि त्याचे व्याज मरेपर्यंत वसूल करते. हे वाक्य कठोर वाटेल. पण नबील आयूश ह्यांचा 'मच लव्ह्ड' (२०१५) पाहा. मराकेशमध्ये शरीरविक्रय करणारी नोहा दर खेपेला आईकडे पैसे देते. त्या पैशावर चूल पेटते. आई ते पैसे घेते आणि एके दिवशी मुलीला सांगते, आता तू घरी येत जाऊ नकोस, लोक बोलतात. पैशाला वास नाही, मुलीला आहे! पडद्यावर अनेक बीभत्स प्रसंग असूनही मला सर्वांत बीभत्स वाटलेला प्रसंग हाच. मोरोक्कोच्या सरकारने देशाच्या स्त्रीची बदनामी होते ह्या कारणाखाली चित्रपटावर बंदी घातली. नायिकेचे काम करणाऱ्या लुब्ना अबिदार ह्यांच्यावर त्याच वर्षी हल्ला झाला आणि त्या फ्रान्सला निघून गेल्या. म्हणजे नोहाच्या आईने पडद्यावर जे केले, तेच देशाने पडद्याबाहेर केले.

वासाचा विषय निघाला आहे तर लैला किलानी ह्यांच्या 'सुर ला प्लांश' (२०११) ह्या चित्रपटाजवळ थोडे थांबले पाहिजे. उत्तर समुद्रात पकडलेली कोळंबी नेदरलँड्समधल्या कंपन्या सोलण्यासाठी मोरोक्कोला पाठवतात आणि सोललेली कोळंबी पुन्हा युरोपच्या बाजारात जाते. इतक्या लांबचा प्रवास परवडतो, कारण तान्जिअरच्या पोरींचे हात स्वस्त आहेत. बदिया ही त्यांतली एक. कामावरून आल्यावर ती अंग घासते, पुन्हा घासते, कातडी सोलून निघेल इतके घासते. वास जात नाही. त्याच शहरात कापडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुली आहेत. त्यांनाही पगार बेताचाच. पण त्यांच्या अंगाला वास नाही, म्हणून त्या वरच्या. बदियाला त्यांच्यात जायचे आहे. कामगारांची एकजूट, एकजूट असे आपण म्हणत असतो. त्या एकजुटीत पहिली फट कुठे पडते हे किलानीबाईंनी नेमके दाखवले आहे. वासाचे हे राजकारण ह्या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. चार पोरींची टोळी जमते, चोऱ्या करते, एकमेकींना जपण्याच्या आणाभाका होतात आणि तुटतात. बदियाच्या तोंडी वेगाने, श्वास न घेता केलेली स्वगते आहेत. चोरी केली तर ती चोरी नाही, देणे वसूल केले, असा तिचा हिशेब असतो. हा नकाराचा सूर मला खरा वाटला. चित्रपटाची मांडणी मात्र काही ठिकाणी इतकी धापा टाकते की पात्रांच्या चेहऱ्यावर नजर ठरत नाही.

नूरेद्दीन लखमारी ह्यांच्या 'कासानेग्रा' (२००८) मध्येही मासळीचा कारखाना आहे. करीमच्या बापाचे आयुष्य त्यात गेले आणि आता तो खिळून बसला आहे, बोलत नाही. कोट घालून रस्त्यावर पोरांकडून सिगारेटी विकवून घेणारा करीम एकदा त्याच मालकाकडे कामाला जातो आणि बापाने काय सोसले हे त्याला हातांनी कळते. चित्रपट पुढे गुंडगिरीच्या ठरीव वाटेने जातो, ते सोडून देऊ. पण बापाचा मुका चेहरा लक्षात राहतो. मालकाशी इमान राखल्याचे निवृत्तिवेतन म्हणजे तो चेहरा.

आता 'सोफिया' (२०१८). मरियम बेन्मबारक ह्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट, आणि माझ्या मते पटकथेच्या दृष्टीने ह्या सगळ्यांत पक्का. मोरोक्कोच्या दंडसंहितेचे ४९० वे कलम विवाहबाह्य शरीरसंबंधाला एक महिना ते एक वर्ष तुरुंगवास सांगते. अविवाहित सोफियाला मूल होते. बाप कोण, तर ती ओमर नावाच्या एका तरुणाचे नाव सांगते. ओमर कासाब्लांकाच्या दर्ब सुलतान ह्या गरीब वस्तीतला, विधवा आईचा मुलगा. दोन्ही घरांत बोलणी होतात, लग्न ठरते. इथपर्यंत प्रेक्षकाला वाटते की ही एका मुलीच्या छळाची कथा आहे. मग कळते की मूल ओमरचे नाहीच. खरा गुन्हेगार वडिलांच्या धंद्यातला पैसेवाला भागीदार, आणि त्याने केला तो बलात्कार. मुलीच्या घराला धंदा हवा आहे, म्हणून त्या माणसाचे नाव घ्यायचे नाही. मग पाप कोणाच्या डोक्यावर ठेवायचे? ज्याच्या घरात खायची भ्रांत आहे त्याच्या. आणि ओमरचे घर ते घेते! लग्नातून मुलाचे भले होईल, घर वर येईल, हा हिशेब त्याच्या आईनेही मांडलेला असतो. सोफिया ह्यात अत्याचारित आहे आणि ओमरच्या बाबतीत अत्याचार करणारीही. स्त्रीची बाजू घेताना दिग्दर्शिकेने वर्गाची बाजू सोडली नाही, ही ह्या चित्रपटाची मोठी कमाई. इज्जत ही वरच्यांची असते आणि तिचे ओझे वाहायला खालचे लागतात, हे इतक्या थंड डोक्याने सांगणारा चित्रपट मी अलीकडे पाहिलेला नाही.

तर रक्ताचे नाते असे वसुलीवर आले असेल तर निष्ठेला जागा कुठे उरते? मला ह्या चित्रपटांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. निष्ठेची परीक्षा तिथे प्रेताजवळ होते. आपल्याकडे 'खांदा द्यायला कोण होते' असे विचारतात आणि त्यावरून माणसाचे सारे आयुष्य जोखतात. तोच प्रश्न कासाब्लांकाचे दिग्दर्शकही विचारतात.

आयूश ह्यांचा 'अली झौआ' (२०००) ह्या दृष्टीने पाहिला पाहिजे. कासाब्लांकाच्या रस्त्यावरची पोरे, डिंकासारखा द्रव हुंगून गुंगीत राहणारी. काम करणारी मुलेही बहुतेक रस्त्यावरचीच घेतली आहेत. अली, क्विता, ओमर आणि बुबकर हे चौघे दिबच्या टोळीतून बाहेर पडतात. अलीला खलाशी व्हायचे आहे. टोळीतल्या एका पोराचा दगड लागतो आणि अली मरतो. इथून पुढे चित्रपट एकाच कामाचा होतो. तीन पोरांना आपल्या मित्राला राजपुत्रासारखे पुरायचे आहे. त्यांच्याकडे काहीच नाही. ना पैसा, ना जागा, ना मोठे माणूस. प्रेत गोदीत लपवून ठेवून ती खलाशाच्या कपड्यांमागे, होडीमागे धावतात. जिवंतपणी ज्याच्याकडे नगरपालिकेने, पोलिसांनी, मशिदीने पाहिले नाही त्या पोराचा मृत्यू सन्मानाने व्हावा, हा हट्ट कोणत्या धर्मग्रंथाने त्यांना शिकवलेला नाही. अलीची आई शरीर विकून जगते; पोरे तिच्यापर्यंत पोचतात, आणि शेवटी ती ह्या बेवारशांच्या बाजूला येते. रक्ताचे नाते इथे उशिरा येऊन मैत्रीच्या मागे उभे राहते. चित्रपटात रंगीत स्वप्नांची चित्रे मधूनमधून येतात, ती मला सजावटीची वाटली. रस्त्यावरच्या पोरांचे हाल सुसह्य व्हावेत म्हणून प्रेक्षकाला दिलेली ती साखर आहे.

मैत्रीला मी इथे डोक्यावर घेऊन नाचत नाही. बारा वर्षांनी आयूश ह्यांनीच त्याची दुसरी बाजू दाखवली. १६ मे २००३ रोजी कासाब्लांकात बॉम्बस्फोट झाले. ३३ निरपराध माणसे मेली आणि १२ हल्लेखोर मेले. हे हल्लेखोर सिदी मूमेन ह्या झोपडपट्टीतले तरुण होते. माही बिनेबीन ह्यांनी त्यावर कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून आयूश ह्यांनी 'देवाचे घोडे' (२०१२) केला. धाकटा भाऊ याशीन. सोव्हिएत गोलरक्षक लेव याशिनवरून पडलेले नाव. थोरला हमीद तुरुंगात जातो आणि दाढी राखून, शांत होऊन परत येतो. त्याच्यामागून धाकटा जातो. दोन सख्ख्या भावांनीच ही कामे केली आहेत. धाकट्याला धर्म कळतो असे कुठेही दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त भाऊ. त्या गटात सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, नोकरी देतात, अडचणीला धावून येतात. ज्या वस्तीला कधी कोणी भाऊ म्हटले नाही तिथे हा शब्द किती स्वस्तात माणूस विकत घेतो! आणि शेवटी हमीदच कचरू लागतो तेव्हा धाकटा मागे फिरत नाही. इमान पोचवले जाते ते मृत्यूच्या दारापर्यंत, आणि ज्यांनी ते मागितले ते पुढारी स्वतः त्या रात्री कंबरेला काही बांधत नाहीत.

बिनेबीन ह्यांच्या स्वतःच्या घराची हकीकत इथे सांगितली पाहिजे, कारण ती कोणत्याही पटकथेपेक्षा भयंकर आहे. त्यांचे वडील राजे हसन दुसरे ह्यांच्या दरबारी, राजाचे मन रमवणारे. थोरला भाऊ अझीझ लष्करात. १९७१ च्या स्खिरातच्या बंडात तो सापडला आणि ताझमामार्तच्या गुप्त तुरुंगात १९७३ पासून १९९१ पर्यंत, अठरा वर्षे अंधारात राहिला. वडिलांनी मुलाला नाकारले आणि राजाची चाकरी चालू ठेवली. 'इमानी' ह्या आपल्या मराठी विशेषणाचा अर्थ ह्याहून स्पष्ट कोण करील? दारिद्र्यच निष्ठेला विकत घेते असे नाही. महालाची सावलीही घेते.

कमाल लझ्रक ह्यांच्या 'ले म्यूत' (२०२३) ह्या चित्रपटात पुन्हा प्रेत आहे. कासाब्लांकाच्या कडेला राहणारे हसन आणि इस्साम हे बापलेक किरकोळ गुन्हेगारीवर जगतात. एका माणसाला पळवून आणायचे काम मिळते आणि तो माणूस वाटेतच मरतो. मग एका रात्रीत त्याची विल्हेवाट लावायची. बापाने मुलाला ह्यात ओढले, कारण दुसरे कोणी विश्वासाचे नव्हते. गरिबाच्या घरात विश्वासाचा अर्थ एवढाच उरतो की गुन्ह्यात कोणाला बरोबर घ्यावे. तरी प्रेताचे काही एक देणे लागतो ही भीती बापाच्या मनातून जात नाही. अनोळखी, नकोसे प्रेत, पण माणसाचे. 'अली झौआ'तली पोरे जे प्रेमाने करतात ते हा बाप भीतीने करू पाहतो.

मरियम तूझानी ह्यांचे दोन चित्रपट मी शेवटी ठेवले, कारण त्यांच्यात हा प्रश्न सर्वांत शांतपणे आला आहे. 'आदम' (२०१९) मधली अबला कासाब्लांकाच्या जुन्या वस्तीत पाव-रोट्या करून विकते, एकटी मुलगी वाढवते. नवरा अपघातात गेला आणि बाईमाणूस म्हणून तिला त्याचा नीट निरोपही घेता आला नाही; पुरुषांनी नेला, पुरुषांनी पुरला. तेव्हापासून ती आतून बंद झाली आहे. तिच्या दारात सामिया येते, दिवस गेलेली, लग्न न झालेली, गावी तोंड दाखवता न येणारी. अबला तिला आधी हाकलते, मग रात्री उठून घरात घेते. दोघींच्यात मोठी भाषणे होत नाहीत. कणीक मळली जाते, रोट्या विकल्या जातात. एका कुटुंबाने प्रेताजवळून हाकललेली आणि दुसऱ्या कुटुंबाने पोटातल्या जिवासकट हाकललेली, अशा दोघींचे मिळून ते घर होते. सामिया मुलाला नाव ठेवायला तयार नसते, दूध पाजायला तयार नसते, कारण नाव ठेवले की नाते झाले. तो प्रसंग पाहताना माझा श्वास अडकला.

आणि 'निळा कफ्तान' (२०२२). सले शहरातला हलीम हाताने जरीकाम करणारा कारागीर, मिना त्याची बायको, दुकान दोघांचे. हलीमचा ओढा पुरुषांकडे आहे. हे मिनाला ठाऊक आहे आणि ते कधी बोलले गेलेले नाही. युसुफ हा तरुण शिकाऊ कामाला येतो. मिना कर्करोगाने मरत आहे. एका श्रीमंत गिऱ्हाइकासाठी हलीम महिनोन्‌महिने एक निळा कफ्तान शिवतो आहे. मिना मरते तेव्हा तो पांढरे कफन बाजूला ठेवतो, तिला तो कफ्तान नेसवतो, आणि हलीम आणि युसुफ तिची तिरडी खांद्यावर घेऊन निघतात. रूढी मोडली, गिऱ्हाईक बुडाले. महोत्सवातले समीक्षक कापडाच्या रंगावर भाळले, हलीमच्या प्रेमाविषयीही बरेच लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण १९७२ साली मिलूदला ज्या गालिच्यावर पाय ठेवता आला नाही, त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी एका कारागिराने स्वतःच्या हातची वस्तू मालकिणीला न देता आपल्या माणसाच्या अंगावर घातली, हे कोणी जोडून पाहिले नाही. घातली तीही प्रेतावर. जिवंतपणी ते जमले नाही.

ज्यांना प्रेतच मिळाले नाही त्यांचे काय? २० जून १९८१ रोजी कासाब्लांकात भाववाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. सरकारने ६६ मेले म्हटले, विरोधकांनी शेकडो. प्रेते घरी आली नाहीत. २००५ मध्ये अग्निशमन दलाच्या आवारात सामूहिक कबर सापडली. असमा अल मुदीर ह्यांच्या 'सगळ्या असत्यांची आई' (२०२३) ह्या माहितीपटात ह्या घटनेभोवतीचे मौन आहे. घरात आजीने कोणाचा फोटो लावू दिला नाही, लावला तो फक्त राजाचा. मग दिग्दर्शिकेच्या वडिलांनी हाताने गल्ली बांधली, मातीच्या बाहुल्या केल्या, आणि त्या बाहुल्यांसमोर बसून घर बोलू लागले. आजी चिडते, नाकारते. तिचे मौन निष्ठेचे की भीतीचे, हे चित्रपट ठरवून टाकत नाही.

राहिला एक प्रश्न, जो आपल्या समीक्षेत नेहमी निघतो आणि निघालाच पाहिजे. हे सांगणारे कोण? आयूश पॅरिसमध्ये जन्मलेले. सिदी मूमेनची वस्ती त्यांनी भोगलेली नाही. सहानुभूतीने लिहिलेले आणि भोगून लिहिलेले ह्यांत अंतर असते, आणि 'अली झौआ'तली रंगीत साखर त्या अंतरातूनच आली असावी. मात्र ह्या माणसाने वस्ती चित्रित करून पाठ फिरवली नाही. २०१४ मध्ये त्यांनी आणि बिनेबीन ह्यांनी सिदी मूमेनमध्ये सांस्कृतिक केंद्र उभे केले, आणि २०२१ च्या 'ओ ए फोर' ह्या चित्रपटात त्याच केंद्रातली मुले स्वतः रचलेले शब्द रॅपमधून म्हणतात. घरातून होणारी आडकाठी, बहिणीवरची पाळत, बापाची दहशत, सगळे त्या शब्दांत येते. शब्द मुलांचे, कॅमेरा अजून आयूश ह्यांचा. त्यांच्यातले कोणी उद्या कॅमेऱ्यामागे उभे राहील, तेव्हा ते स्वतःच्या आईबापांना कोणत्या अंतरावरून टिपते, हे मला पाहायचे आहे.